वळवलेले पाणी आणि त्यातले मासे

पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या एका माशाला साऱ्या जगाचे शास्त्र मराठी नावाने ओळखते, ही गोष्ट पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसते. त्या माशाचे नाव खडशी. कोणी त्याला खडस म्हणतात. शास्त्राच्या पोथीत तो 'टॉर खुद्री' म्हणून नोंदलेला आहे आणि त्यातली खुद्री म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली खडशीच, साहेबाच्या जिभेवर जराशी लडबडलेली. हे नाव ठेवणारा गृहस्थ म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. एल्फिन्स्टनसाहेबांनी १८२४ साली त्याला मुंबई इलाख्याची आकडेवारी जमवण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, पिके, पाऊस मोजता मोजता हा माणूस नदीकाठी बसून मासेही मोजू लागला. विलायतेस परत गेल्यावर १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांची जंत्री प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळ माशांना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावे जशीच्या तशी देऊन टाकली. कोळस, बोगट, मल्या, शिंगटी ही सगळी मंडळी अशी लॅटिनात जाऊन बसली. ज्याचे नाक मधोमध खाच पडल्यासारखे दुभंगलेले असते तो 'नकटा' तेथे 'नुक्ता' झाला. एका वामीसारख्या लांबट माशाला, म्हणजे अहिराला, मात्र त्याने आपल्या धन्याचे, एल्फिन्स्टनचे, नाव दिले. गव्हर्नरसाहेबांना ही भेट कितपत रुचली असेल कोण जाणे! पुढच्या शास्त्रज्ञांनी ते नाव मागे टाकले आणि अहीर दुसऱ्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

मी काही मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, चिपळूणकडच्या एका शाळेत मुलांना इतिहास शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. पण इतिहास शिकवताना एक गोष्ट ध्यानात आली. धरणे कोणी बांधली, कालवे कोणी काढले, किती एकर भिजले, हे आपल्या पुस्तकांत सापडते. त्या पाण्याबरोबर कालव्यात ओढल्या गेलेल्या माशांचे काय झाले, हा प्रश्न मात्र सापडत नाही. म्हणून मला वाटत होते, की हा प्रश्न अगदी अलीकडचा, आमच्या पिढीला सुचलेला असेल. शोधू लागलो तेव्हा कळले, की तो हिंदुस्थानात दीडशे वर्षांपूर्वीच विचारून झाला होता. आणि विचारणारा होता कालवे काढणाराच एक माणूस.

सर आर्थर कॉटन हे ते नाव. १८५२ साली गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा पुरा करून त्याने आंध्रातला एक उपासमारीचा मुलूख हिरवागार केला. तिकडे अजून लोक त्याच्या पुतळ्याला हार घालतात. पण बंधारे बांधून झाल्यावर या माणसाच्या मनाला एक रुखरुख लागली. समुद्रातून नदीत चढणारे मासे, विशेषतः हिल्सा, त्या बंधाऱ्यांना येऊन थडकतात, पुढे जाऊ शकत नाहीत. मग मद्रास किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे काय होईल? १८६७ साली त्याने हा प्रश्न वर सरकारपर्यंत नेला. आपल्याच हातच्या कामाविषयी असे विचारायला मोठे मन लागते. त्या काळच्या सरकारी दप्तरात असली पत्रे फार थोडी असतील.

त्यावर सरकारने फ्रान्सिस डे या मद्रासच्या लष्करी डॉक्टराला चौकशीवर धाडले. डे हा चिवट गृहस्थ. औषधाची पेटी बाजूला सारून तो नद्या, बंधारे आणि मासळीबाजार हिंडत राहिला. पुढे १८७१ साली तो हिंदुस्थानच्या मत्स्यखात्याचा इन्स्पेक्टर जनरल झाला. १८७३ साली त्याने गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर जाडजूड अहवाल दिला आणि नंतर 'द फिशेस ऑफ इंडिया' हा प्रचंड ग्रंथ लिहिला, ज्यात चौदाशेंवर जातींचे वर्णन आहे. त्या अहवालात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तहसीलदारांची उत्तरे आहेत आणि बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच: पावसाळ्यात अंडी घालायला वर चढलेले मासे आणि पाटांतून, शेतांतून पसरलेली त्यांची बोटभर पिले लोक टोपल्यांनी, सापळ्यांनी, बारीक जाळ्यांनी उपसून नेतात. बंधाऱ्यात माशांना चढायला वाट ठेवा, जाळ्याच्या घराला किमान माप ठरवून द्या, असे डे सांगत राहिला.

आता गंमत अशी, की साहेबाच्या स्वतःच्या देशात या प्रश्नाचे उत्तर आधीच कायद्यात लिहून ठेवलेले होते. १८६१ साली इंग्लंडात साल्मन माशाच्या रक्षणाचा कायदा झाला. ज्या नदीत साल्मन आहे तिचे पाणी शहराला पुरवण्यासाठी किंवा कालव्यासाठी कोणी वळवले, तर त्या वळवणीच्या तोंडावर गज बसवून साल्मनला आत जाण्यापासून रोखले पाहिजे, असे एक कलम त्यात आहे. म्हणजे टेम्सचा साहेब आणि गोदावरीचा साहेब एकच, पण टेम्सच्या माशाला गज आणि गोदावरीच्या माशाला वाट मोकळी, थेट कालव्यात! हिंदुस्थानात मासेमारीचा कायदा यायला १८९७ साल उजाडले. त्याने सुरुंगाची दारू आणि विष घालून मासे मारण्याला बंदी केली, जाळी आणि बांध यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. हे चांगलेच झाले. पण कालव्याच्या तोंडाशी काय करावे, याविषयी त्यात अक्षर नाही. मासे मारणारा कोळी सरकारच्या डोळ्यांत भरला. मासे ओढून नेणारा कालवा सरकारचाच असल्यामुळे भरला नसावा, असे माझे मत आहे.

या मागच्या हकिगतीशी आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा संबंध कसा पोचतो, ते आता सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी दोन वाटांनी जाते. पश्चिमेकडचे आमच्या खाड्यांतून दोन-तीन दिवसांत समुद्रास मिळते आणि पूर्वेकडचे भीमा-कृष्णेच्या अंगाने सारा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पडते. म्हणून दोन्ही बाजूंच्या नद्यांतली माशांची वस्तीही पुष्कळ अंशी वेगवेगळी. पण घाटाखाली दीड-दोन हजार फूट सरळ उडी आहे, तेव्हा पूर्वेचे पाणी पश्चिमेला लोटले तर त्यातून वीज निघेल, हे टाटांच्या इंजिनियरांनी हेरले. लोणावळ्याची तळी बांधून, दगडी नहरातून खंडाळ्यापर्यंत आणि तिथून नळांतून खाली खोपोलीला पाणी सोडून १९१५ साली पहिली वीज निघाली. १९२२ साली भिवपुरी झाली, १९२७ साली भिरा. भिऱ्याला पाणी देणारे धरण म्हणजे मुळशीचे, ज्यासाठी मावळ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. त्या लढ्याने निदान बुडालेल्या भातखाचरांची आणि उठवलेल्या माणसांची नोंद इतिहासात राहिली. मुळा आणि इंद्रायणीच्या माशांची बाजू मांडायला कोणी उभे राहिल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या दिवसांत माणसांची बाजू मांडणारेच तुरुंगात जात होते, तिथे माशांचे काय घेऊन बसलात!

मग आली कोयना. महाबळेश्वरी उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेच्या मिठीत शिरते. ती वळते तिथून आमचे कोकण कड्याखाली जवळजवळ हाकेच्या अंतरावर. १९५४ साली धरणाचे काम सुरू झाले. १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली, पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर भरला आणि १९६२ सालच्या मे महिन्यात पोफळीच्या भूमिगत वीजघरातून पहिली वीज निघाली. पोफळी आमच्या चिपळूण तालुक्यातली. सातारा जिल्ह्यातले पाणी डोंगराच्या पोटातल्या पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यातून येते, पोलादी नळांतून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते, चक्रे फिरवते आणि शेवटी आमच्या वाशिष्ठीला येऊन मिळते. वापरून झालेल्या या पाण्याला आमच्याकडे 'अवजल' म्हणतात. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. आकडा वाचून डोके गरगरते. सोप्या भाषेत सांगायचे तर कृष्णेची एक आख्खी उपनदी, आता कोकणी झाली आहे!

हे काम थोर आहे यात शंका नाही. १९६७ सालच्या भूकंपातही भिंत उभी राहिली. मुंबईच्या गिरण्या तिच्या विजेवर चालल्या, आमच्या घरांत दिवे आले आणि उन्हाळ्यात वाशिष्ठीला पाणी दिसू लागले. तिच्या पाण्यावर गावांच्या नळयोजना झाल्या. दिवाळीच्या पणतीशेजारी विजेची माळ लावणाऱ्याने कोयनेला नावे ठेवू नयेत. पण नावे ठेवणे वेगळे आणि प्रश्न विचारणे वेगळे.

बोगद्याच्या तोंडाशी पोलादी गज असतात. त्यांचे काम वाहून आलेली झाडे-ओंडके अडवण्याचे. त्यांच्यामधल्या फटी चक्राच्या सोयीने ठेवतात, माशाच्या मापाने नव्हे. मोठा मासा ओढ जाणवली की अंग वळवून माघारी फिरतो. बोटभर पिलाला ती ताकद नसते. पाणी नेईल तिकडे त्याने जायचे. पोफळीची चक्रे पेल्टन जातीची आहेत, म्हणजे टोकदार नळीतून सुटलेली पाण्याची धार पोलादी वाट्यांवर आदळते आणि चाक फिरते. पावणेपाचशे मीटर पाण्याचा दाब आणि मग ही थप्पड! त्या वाटेने उतरून कोणता जीव जिवंत राहील? आणि भिंतीला माशांनी चढण्याची शिडी नाही. शंभर मीटरच्या भिंतीला ती बसवणार तरी कशी? तेव्हा प्रश्न धरण बांधावे की नाही हा नसून, तोंडाशी काय ठेवावे हा होता. कॉटनने विचारलेला, साल्मनच्या कायद्याने सोडवलेला. मधल्या शंभर वर्षांत तो आमच्या हातून कुठेतरी पडून गेला.

कोयनेत अजून मासे आहेत बरे का. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पन्नासांहून अधिक जाती मोजल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक सह्याद्रीखेरीज जगात कुठेही नसलेल्या. त्याच वर्षी पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांचा जागतिक ताळेबंद निघाला. २९० जाती तपासल्या, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश धोक्यात निघाल्या. साइक्सचा नकटा त्यांतलाच एक. पावणेदोनशे वर्षांपूर्वी ज्याच्या नाकावरून कोळी थट्टा करीत, तो कृष्णेच्या खोऱ्यात आता शोधावा लागतो. एकटे कालवे आणि बोगदे याला कारण आहेत असे मी म्हणणार नाही. वाळूउपसा आहे, कारखान्यांचे सांडपाणी आहे, बाहेरून आणून सोडलेला चिलापी आहे, सुरुंगाची दारू तर १८९७ पासून बंद असूनही आहे.

वाशिष्ठीकडचे दुखणे याच्या उलटे आहे. तिथे पाणी गेले नाही, आले. पण ते येते विजेच्या मागणीप्रमाणे. संध्याकाळी मुंबईत दिवे लागले की चक्रे फिरतात, नदी चढते. मागणी उतरली की नदी उतरते. नदीच्या माशाला मात्र एकच पंचांग ठाऊक आहे, मिरगाचे. पहिला पाऊस होऊन पऱ्यांना लाल पाणी आले, की मासे खाडीकडून आणि खालच्या कोंडींतून वर चढू लागतात. आमच्याकडे त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. पोटात गाबोळी घेऊन ते गुडघाभर पाण्यात, भातखाचरांच्या बांधांपर्यंत येतात आणि आम्ही कोकणी माणसे पाग, कोयन आणि कंदील घेऊन त्यांच्या स्वागताला हजर! डॉक्टर डेच्या तहसीलदारांनी लिहिलेले गाऱ्हाणे अगदी आमच्याविषयी लिहावे तसे आहे. चढणीच्या माशांचे कालवण मीही जिभल्या चाटीत खाल्ले आहे, तेव्हा येथे फार शहाणपण मिरवत नाही. एवढेच सांगतो, की एका गाबोळीच्या माशाबरोबर पुढच्या वर्षीचे हजारो मासे ताटात येतात.

माझ्या आजोळी पोफळी-नारळीची बाग होती. दिवाळीनंतर पऱ्याला दगड-मातीचा बांध घालून पाटाने पाणी बागेत घेत. पाटाच्या तोंडाशी आजोबा बांबूच्या कामट्यांची एक तट्टी आडवी लावीत. पालापाचोळा अडावा म्हणून लावतात, असे मी समजत होतो. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "अरे, पाट आठवड्यातून दोन दिवस बंद असतो. मासळी आत शिरली तर सुकून मरेल आणि मग बागेत घाण सुटेल." दयाधर्माचा त्यात लवलेश नव्हता, सडक्या माशांची दुर्गंधी नको, इतकेच. तट्टी ते सरळ आडवी न लावता तिरकी लावीत. त्यामुळे पाला साचून पाणी तुंबत नसे, तो धारेबरोबर कडेने खाली सरके. माशांचेही तसेच होई.

पुढे वाचताना मला आढळले, की मोठमोठ्या देशांत याच युक्तीवर कोट्यवधी रुपये खर्चून यंत्रणा उभ्या केल्या आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नद्यांच्या मुखाशी प्रचंड पंप बसवून पाणी कालव्यांनी शेकडो मैल दक्षिणेला नेतात. तिथे 'डेल्टा स्मेल्ट' नावाचा दोन-तीन इंचांचा मासा राहतो, ज्याला म्हणे काकडीसारखा वास येतो. पंपांच्या ओढीने त्याचा निर्वंश होऊ लागला, तेव्हा १९९३ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००७ साली न्यायालयाने त्याच्यासाठी पंप आवरते घ्यायला लावले. पंपांच्या अलीकडे आडोसे लावून अडकलेले मासे वेगळे काढतात आणि टँकरात भरून पुन्हा नदीत नेऊन सोडतात. शेतकरी चिडले, आमच्या पिकांपेक्षा बोटभर मासा मोठा झाला का, असे विचारू लागले. त्यांचेही चूक नव्हते. पण इतके सारे होऊनही तो मासा आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. आधी पंप आणि मग आडोसे, हा क्रमच मुळी महागात पडला. तट्टीचे सूत्र मात्र तेच: फटी पिलाच्या अंगापेक्षा बारीक हव्यात, तोंड रुंद हवे म्हणजे पाण्याची ओढ मंद राहते, आणि आडोसा तिरका हवा म्हणजे मासा चिकटून न राहता कडेने पुढे सरकतो.

आपल्याकडे मासे वाचवण्याचा मोठा उद्योग झाला तो दुसऱ्याच वाटेने. लोणावळ्याला टाटांच्या तळ्याकाठी १९७० च्या सुमारास खडशीची पैदास सुरू झाली. मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉक्टर चं. वि. कुलकर्णी यांनी या माशाच्या विणीचा आणि अंड्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. मादीची अंडी हाताने काढून, नराच्या दुधाशी मिसळून, पिले वाढवून ती देशभर नद्या-तलावांत सोडली गेली. ज्या कंपनीने पाणी वळवले तिनेच मासा जगवायला घेतला, हे कौतुकाचेच. एकेकाळी धोक्यातला म्हणून नोंदलेला हा मासा जागतिक यादीत आता फारशी चिंता नसलेल्यांत गेला आहे. पण नियतीची थट्टा पाहा. ही पिले कावेरीतही सोडली गेली आणि तिथे ती अशी फोफावली, की कावेरीचा स्वतःचा कुबडी महसीर मागे हटत हटत नाहीसा होण्याच्या काठावर आला. त्या बिचाऱ्याला शास्त्रीय ओळखदेखील २०१८ साली मिळाली. आपला खडशी परमुलखात जाऊन असा वागेल हे कोणाच्या मनातही आले नसेल. एका नदीतला मासा दुसऱ्या नदीत नेऊन सोडणे आणि एका नदीचे पाणी दुसऱ्या नदीत सोडणे, दोन्ही कामांत मूळच्या नदीला कोणी विचारत नाही.

खडशी पाहायचा असेल तर मी वाळणकोंडीला जा म्हणेन. आमच्या जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, महाड तालुक्यात काळ नदीवर ही कोंड आहे. वरदायिनी देवीचे मासे म्हणून ते कोणी धरत नाही. कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे पाण्यावर उसळतात, खवल्यांवर ऊन पडले की डोळे दिपतात. देवीने कायदा केला नाही, खाते काढले नाही. कोंडीच्या वर आणि खाली मात्र तिची हद्द संपते, आणि मासा काही तेवढ्यातच राहणारा प्राणी नाही.

महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा केले. पापलेट मला आवडतो. पण तो पडला समुद्रातला, त्याला कालव्याची भीती नाही.

आता आमच्याकडे पुन्हा पुन्हा एक बोलणे निघते, की पोफळीचे अवजल समुद्रात फुकट का जाऊ द्यावे, ते कालव्याने किंवा नळाने आणखी पुढे न्यावे. कोणी म्हणतो कोकणातल्या कोरड्या गावांना, कोणी म्हणतो थेट मुंबईला. पाणी लागते हे खरे. माझ्या शाळेतल्या मुली मार्च-एप्रिलात हंडे घेऊन डोंगर चढतात, त्यांच्यापुढे उभे राहून पाणी नेऊ नका असे सांगण्याची माझी छाती नाही. पण तो कालवा निघालाच, तर त्याचे तोंड अजून बांधायचे आहे. जे तोंड अजून बांधलेले नाही, त्याला तिरकी तट्टी लावायला खर्च फारसा नाही. मिरगाच्या पहिल्या पंधरवड्यात ते मिटून घेतले तरी त्या दिवसांत पाण्याची टंचाई कुणाला असते?

गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना मी एक काम दिले. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वाशिष्ठीतल्या आणि पऱ्यांतल्या माशांची नावे लिहून आणा, आणि त्यांतले तुम्ही स्वतः कोणते पाहिलेत त्यावर खूण करा. वह्या आल्या. मळ्या, शिंगटी, मरळ, वाम, अहीर, खडस, आणि मला ठाऊक नसलेली आणखी कितीतरी नावे. आज्यांच्या नावांनी पान भरले होते. खुणा बहुतेकांच्या तीन-चारच होत्या, आणि त्यांतली एक चिलापीपुढे. त्या वह्या मी शाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत. साइक्सच्या जंत्रीत नसलेली नावे त्यांत आहेत, आणि ज्या आज्यांनी ती सांगितली त्यांतल्या दोघी यंदाच्या पावसाळ्यात गेल्या.